नऊने निःशेष भाग जाणारा नंबर

ताईला पाहायला अकोल्याचे पाहुणे वलगावला आमच्या घरी आले होते. मुलाचे वडील शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. पोहे खाता खाता त्यांनी ताईच्या मोबाइल नंबरातल्या अंकांची एकच आकडा उरेपर्यंत बेरीज करत नेली आणि तोंड वाकडं केलं.

"आठ येऊन राहिले. आठ म्हणजे शनी. पोरीनं नंबर बदलला तरच पुढचं बोलू."

मुलगा ताटलीतले शेंगदाणे वेचत राहिला.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गणितच शिकतो, पण मोठ्यांपुढे बोलायला जीभ अडखळते. तरी म्हणालो, "काका, ही बेरीज म्हणजे त्या संख्येला नऊने भागल्यावर उरणारी बाकी. त्यात शनी कुठून आला? याच नंबराआधी देशाचा एक्क्याण्णव लावा, बेरीज नऊ होते."

वाटलं, माणूस ओशाळेल. त्यांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि ते खुललेच.

"नवानं निःशेष भाग! मंग जमलं. पोरीनं नंबर एक्क्याण्णव लावूनच सांगत जावा."

या माणसाने जन्मभर पोरांना भागाकार शिकवला होता! कीव यायला हवी होती, पण मला शिसारीच आली. बाबा मात्र सुटल्यासारखे हसले.

ताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. "मंग नंबरासंगच लगन लावा त्याचं," ती म्हणाली आणि ट्रे तसाच आत घेऊन गेली.

मुलाने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. चहा येणार नाही, एवढं त्याला कळलं असावं.