ऐंशीची थरथर

कंपन या विषयाचा माझ्या व्याह्यांइतका सखोल विचार केलेला दुसरा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात सापडणार नाही. तो विचार बव्हंशी चुकीचा होता, ही गोष्ट वेगळी. विचार खोल असला म्हणजे तो बरोबरही असावा असा काही नियम नाही. तसा असता तर आपल्याकडची निम्मी व्याख्यानं झालीच नसती.

व्याही मेडशीचे. मी शेजारच्याच गावचा, आणि माझी मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. आमच्या भागात व्याह्याला ‘इवाई’ म्हणतात, आणि या शब्दात आदर आणि संशय समप्रमाणात मिसळलेला असतो. वय पंच्याहत्तरीकडे झुकलेलं, अंगाने काटक, मिशा पांढऱ्या. सोयाबीन आणि तुरीची शेती आता दुसऱ्याकडून करून घेतात. कोणे एके काळी ते थोडे दिवस सरपंच होते. त्यांच्या गाडीच्या काचेवर अजूनही ‘माजी सरपंच’ असं लिहिलेलं आहे. त्यातला ‘सरपंच’ रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतो. ‘माजी’ वाचायला बॉनेटवर वाकावं लागतं.

त्यांची मुख्य ओळख मात्र बैलांचा माणूस ही. जन्मभर त्यांनी बैल पाळले, बैल पारखले, आणि माणसांची पारखही त्याच मापाने केली. माझ्या मुलीला बघायला आले तेव्हा जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले होते, “पोरगी गरीब हाये, पन मान ताठ हाये. चालते आमाले.” मला आधी राग आला. मग कळलं की त्यांच्याकडून इतकी मोठी स्तुती गावात आजवर कोणत्याही दोन पायांच्या प्राण्याच्या वाट्याला आलेली नाही. पुढे बैलांचं करायला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी शेवटची जोडी एका ओळखीच्या घरी दिली, आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी जाऊन एक उंच, पांढरी, रुंद तोंडाची एसयूव्ही घेऊन आले.

गाडी घ्यायला मी बरोबर होतो. शोरूममध्ये त्यांनी गाडीला आधी समोरून न्याहाळलं, मग मागे जाऊन तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली आणि तिथल्या टाय लावलेल्या तरुणाला विचारलं, “खोड काय हाये हिची?” तो म्हणाला, “सर, फाइव्ह स्टार आहे.” व्याही म्हणाले, “कपायावरचे चांदने नोको सांगू बापा, खोड सांग.” तरुणाने आत जाऊन साहेबांना बोलावून आणलं. साहेबांनाही खोड सांगता आली नाही. त्या दिवशी गाडीचं नाव ढवळ्या ठेवण्यात आलं. गाडी स्त्रीलिंगी आणि ढवळ्या पुल्लिंगी, ही व्याकरणाची अडचण व्याह्यांनी कधी मानली नाही. निघताना ते “चाल बापा” म्हणत आणि ब्रेक दाबताना तोंडाने “हो, हो” करत. ब्रेकमुळे गाडी थांबते हे त्यांना मान्य होतं, पण नुसत्या ब्रेकने थांबते हे नव्हतं.

अशा घरात पोळा कसा साजरा होत असेल, ते सांगायला नको. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी आणि हळद लावून पळसाच्या पानाने चोळतात, आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. व्याह्यांनी हा सगळा विधी ढवळ्याला लावला. बैलाचा खांदा पुढच्या बाजूला, म्हणून मान पुढच्या दोन चाकांना. त्यांनी ती जॅकवर चढवून धुतली, आतून-बाहेरून चोळली, लोणी-हळद लावली. मग बाजूच्या आरशापाशी तोंड नेऊन, कानात सांगावं तसं, गंभीरपणे म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” आरशात त्यांना स्वतःचाच चेहरा दिसत असणार. पण आमंत्रण देताना माणसाने संकोच करू नये. मी त्यांच्या ओट्यावर बसून हे पाहत होतो. चाकांच्या आतल्या कडेवरून ते पेचकसाने काहीतरी करडं, चपटं उपटून काढत होते.

“काय ते?” मी विचारलं.

“गोचीड,” व्याही म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांतच ढवळ्या थरथरायला लागला.

अकोला-वाशीम रस्ता चार पदरी झाल्याचा हा एक तोटा. जुन्या रस्त्यावर सगळंच थरथरायचं. गाडी, माणसं, डब्यातलं लोणचं. त्यात स्टिअरिंगची थरथर वेगळी काढून दाखवणं कोणालाच शक्य नव्हतं. नव्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालते, आणि अशा रस्त्यावर काटा ऐंशीला टेकला की स्टिअरिंग हातात फडफडायचं. सत्तरला काही नाही. ऐंशीला हुडहुडी. व्याह्यांनी यावर विचार सुरू केला. पहिला निष्कर्ष असा की मी डाव्या अंगाने बसतो. “इवाई, जरा मंधात सरका. जोडी ओढून राह्यली एका बाजूनं.” मी गिअरच्या दांड्यापर्यंत सरकलो. थरथर गेली नाही. दुसरा निष्कर्ष डिझेलचा. गाडी मालेगावच्या पंपावरचं डिझेल पीत होती, तिला रिसोडचं पाजलं. पाणी बदललं की जनावर सुधारतं. ढवळ्या सुधारला नाही. तिसऱ्या निष्कर्षापर्यंत ते पोचण्याआधीच दिवाळी आली, आणि दिवाळीला जावई आला.

माझा जावई म्हणजे त्यांचा मुलगा. तो पुण्याला असतो. शांत आहे, फार बोलत नाही. वाशीमला जाताना तो वडिलांच्या शेजारी बसला. ऐंशीला त्याने स्टिअरिंग पाहिलं आणि त्यावरचे वडिलांचे हात पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गाडी स्वतः घेतली, शेतापर्यंत नेऊन आणली. शेताच्या वाटेवर ऐंशी काय, तीसही होत नाही. गाडी गोगलगाईसारखी गेली आणि तशीच आली. परत आल्यावर तो ओट्यावर बसून म्हणाला, “बाबा, गाडीत काही नाही. तुमचे हात थरथरतात. चावी द्या.”

विहीणबाईंनी चहा आणला. व्याही पूर्वी बशीतून चहा प्यायचे. वर्षभरापासून ते स्टीलच्या पेल्यातून पिऊ लागले होते. बशीत चहा लवकर थंड होतो, हे त्यांचं कारण. त्यासाठीच तर लोक बशीत ओततात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“माह्ये हात?” व्याही म्हणाले. “या हातानं मी मारका गोऱ्हा येसन घालून बसोला हाये.”

“मग दाखवा गाडीत काय दोष आहे.”

“दाखोतो. नाही दाखोला तं चावी तुही. इवाई पंच.”

मला कोणी विचारलं नव्हतं. पंचाला विचारत नाहीत.

म्हणून जावई पुण्याला परतल्यावर आम्ही वाशीमच्या एका टायरवाल्याकडे गेलो. व्याही, मी आणि मागच्या सीटवर विहीणबाई. दोन म्हाताऱ्यांना एकटं सोडू नये म्हणून त्या आल्या होत्या. वाटेत व्याही एकदाही “हो, हो” म्हणाले नाहीत. तिथला मिस्त्री मोठा उत्साही माणूस. “काका, शंभर टक्के बुश गया,” असं त्याने गाडी थांबण्याआधीच सांगितलं. खाली शिरून पाहिलं तर चाकांजवळचे ते रबरी बुश नवे होते. मग तो म्हणाला ब्रेकची डिस्क वाकली. “बिरेक मारल्यावर थरथरते का बिना बिरेकची?” व्याही म्हणाले, “बिना बिरेकची.” म्हणजे डिस्कही निर्दोष. मिस्त्रीचा चेहरा पडला. व्याह्यांचा त्याहून जास्त. ज्या माणसाला आपल्या लाडक्या जनावरात रोग निघावा अशी इतकी आस लागलेली आहे, असा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

शेवटी मिस्त्रीने पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावली. “आता चालवून पाहा. थरथर हातातून गेली अन् सीटमधी आली, तं चाकाचाच मामला.”

आम्ही रस्त्याला लागलो. साठ. सत्तर. व्याह्यांचा जबडा आवळलेला. काटा ऐंशीला टेकला आणि मागून विहीणबाई ओरडल्या, “अवं माय! आता माह्या कमरीपाशी थरथरून राह्यलं!”

व्याह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि मागे वळले. बायकोच्या तक्रारीने त्यांना इतका आनंद पूर्वी कधी झाला नसावा. “तू कायनं धरलं व्हतं इस्टेरिंग? कमरीनं?”

“मी कायले धरू? मी तं केळं खाऊन राह्यली व्हती.”

“आयकलं का इवाई? पंचानं आयकलं का?”

पंचाने ऐकलं होतं.

परत आल्यावर मिस्त्रीने ती दोन चाकं खोलून यंत्रावर फिरवली. यंत्राने आकडे दाखवले. मिस्त्रीने रिमच्या आत बोट फिरवलं आणि विचारलं, “काका, इथलं शिसं कोनं काढलं?”

“कायचं शिसं?”

त्याने खिशातून एक तुकडा काढून दाखवला. करडा, चपटा, बोटाच्या पेरापेक्षा लहान. चाक एका बाजूला जड असतं, म्हणून दुसऱ्या बाजूला हा चिकटवतात, असं त्याने सांगितलं.

व्याह्यांनी तुकडा तळहातावर घेतला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “गोचीडच दिसते.”

मिस्त्रीला काही कळलं नाही. मी पंच असल्यामुळे गप्प राहिलो.

नवीन तुकडे चिकटवून, चाकं पूर्वीच्या जागी बसवून आम्ही निघालो. मालेगावच्या अलीकडे सरळ रस्ता आहे. व्याह्यांनी विजयी मुद्रेने काटा ऐंशीवर नेला. स्टिअरिंग देवळातल्या दगडासारखं स्थिर होतं. इतकं स्थिर, की त्यामुळेच त्यांचा उजवा हात दिसला. तो हलत होता. फार नाही; वाऱ्यावर तुरीची शेंग हलते तितकाच. पण स्टिअरिंग हलत नव्हतं आणि हात हलत होता, आणि आता त्याचा दोष कोणावर टाकायची सोय राहिली नव्हती.

त्यांनीही पाहिलं. डावा हात उचलून उजव्यावर ठेवला. काटा हळूहळू उतरत गेला. मागे विहीणबाईंना झोप लागली होती.

बऱ्याच वेळाने व्याही म्हणाले, “इवाई, पोराले काय सांगान?”

“गाडीत दोष होता, असं सांगतो.”

“व्हता ना?”

“होता.”

“मंग तेवढंच सांगा.”

मी फोनवर तेवढंच सांगितलं. “म्हणजे बाबांचे हात ठीक आहेत?” जावयाने विचारलं. मी पुन्हा म्हणालो, गाडीत दोष होता. मग तो माझ्या नातवाबद्दल बोलू लागला. चावी मेडशीलाच राहिली, देवघराच्या खुंटीला. मात्र ढवळ्या त्यानंतर फारसा बाहेर पडला नाही. कधी ऊन जास्त असे, कधी रस्त्यावर ट्रक फार. एसटी बरी पडते, असं व्याही सांगू लागले. त्याआधी ते एसटीला कधीही बरं म्हणाले नव्हते.

पुढच्या पोळ्याला मी पुन्हा ओट्यावर होतो. खांदमळणी सुरू होती. पुढची चाकं जॅकवर, वाटीत लोणी-हळद, पळसाची पानं. सगळं चोळून झाल्यावर व्याह्यांनी पेचकस मागितला, चाकाच्या आत हात घातला आणि शिशाचे तुकडे एकेक करून काढू लागले. हात थरथरत होता, म्हणून वेळ लागत होता.

“अहो, ते वजन आहे,” मी म्हणालो. “मिस्त्रीने सांगितलं होतं ना.”

“मालूम हाये मले,” व्याही म्हणाले.

सगळे तुकडे निघाल्यावर त्यांनी ते पाण्याने धुतले, ओट्याच्या कडेवर नीट मांडले, आणि आरशापाशी जाऊन हलक्या आवाजात आवतण दिलं. मग आत जाऊन चावी आणली आणि माझ्या हातात ठेवली.

“ढवळ्या बिमार हाये. ऐंशीले थरथरते. बिमार जनावर मी जुपत नसतो, हे साऱ्या गावाले मालूम हाये. पोरालेही सांगा. आजपासून तुमी चालवा.”

तेव्हापासून ढवळ्या मी चालवतो. व्याही डाव्या बाजूला बसतात, हात मांडीखाली दाबून, आणि दर थांब्याला “हो, हो” म्हणतात. कोणी भेटलं की काच खाली करून गाडीचा आजार सविस्तर सांगतात. जावयालाही तो मान्य आहे. शिशाचे तुकडे देवघरात आहेत.

मी गाडी उतारवयात शिकलो. पंचेचाळीसच्या वर नेत नाही. पंचेचाळीसला ती थरथरत नाही.