ओटीतले बारा लाख

आखाजी, आमच्याकडची अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर होती तेव्हा रावेरहून वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोन आला. माझ्या धाकट्या बहिणीने जळगावात फ्लॅट घेतला होता आणि त्यासाठी आबा तिच्या ओटीत बारा लाख घालणार होते. केळीला यंदा भाव बरा मिळाला होता. मी म्हटलं, "बरं झालं आबा. फार बरं झालं." मग फोन ठेवून सहावीच्या पोरांचे पेपर तपासायला बसले. त्या दिवशी एकाही पोराला वीसपैकी अकराच्या वर मार्क पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी लाज वाटली म्हणून सगळे पुन्हा तपासले.

मला पैशांची गरज होती असं नाही. नोकरी आहे, धुळ्यात घर आहे, आणि "मला काही नको, तिला द्या" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा म्हटलंय की माहेरी ते माझं आडनाव झालंय. लोकांना ते फार आवडतं. पण आता पन्नाशीला आल्यावर कळतंय, ते म्हणताना मी दर वेळी वाट बघत असायचे की कुणीतरी म्हणेल, अगं, घे गं. कुणी म्हटलं नाही. धाकटीने मात्र मागितलं, रडली, मिळवलं.

एवढ्या मोठ्या रकमेवर कर लागत असणार, असं माझ्या मनात आलं. आलं म्हणजे मी आणलं. आमचे रिटर्न भरणाऱ्या करसल्लागारांकडे मी कागद द्यायच्या निमित्ताने गेले आणि एका ओळखीच्या बाईची गोष्ट म्हणून विचारलं.

"वडिलांनी मुलीला दिले? मग काही कर नाही."

"एक रुपयासुद्धा?"

"एक रुपयासुद्धा."

"पण तिचं लग्न झालंय."

"लग्न झालं म्हणून बाप बदलतो का, ताई?"

मी पर्स उचलली. इतक्यात ते म्हणाले, "बँकेतून देताहेत ना?"

"नाही, रोख. ओटीत."

"मग त्या बाईला सांगा, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एकाकडून घ्यायचे नाहीत. घेतले तर जेवढे घेतले तेवढा दंड बसू शकतो. आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. खरं तर पहिल्यांदाच नीट कळलं होतं.

सणासाठी रावेरला जाताना एसटीत जळगावपासून धाकटी माझ्या शेजारी आली. खिडकी तिने मला दिली आणि मोबाइलवर स्वयंपाकघर दाखवलं, देव्हाऱ्याची जागा दाखवली, एक छोटी खोलीही. "ही तुझी, ताई. आलीस की इथे झोपायचं." मी "छान आहे" म्हणाले आणि बाहेर बघत राहिले. सांगायला भुसावळ, फैजपूर, सावदा एवढा रस्ता होता. मी नाही सांगितलं.

आखाजीला मांडे आणि आमरस झाल्यावर आईने पाट मांडला. आबांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं आणलं. धाकटीने पदर पसरला. आई गहू आणि नारळ घेऊन उभी. आता उदात्तपणा दाखवायची ही जागा आहे, पण खरं लिहायचं तर माझ्या डोक्यात एवढंच आलं, की उद्या नोटीस आली तर मी करसल्लागारांकडे गेले होते हे कुठूनतरी कळणार, आणि जन्मभर सगळे मला विचारणार, माहीत होतं तर बोलली का नाहीस.

"थांबा," मी म्हटलं, आणि सांगून टाकलं.

आबा पाटाशी बसले. "पोरीले द्यायले दंड?"

"द्यायला नाही आबा, रोख घ्यायला."

"मंग आज दीड देतो, उद्या दीड."

"कारण एकच असलं तर सगळं एकत्र धरतात, आबा. फ्लॅट एकच आहे."

"पैसे तं बँकेतूनच आणले मी," आबा म्हणाले. "व्यापाऱ्यानं खात्यात टाकले होते. चार खेपा मारल्या. तो मॅनेजर म्हने, आबा, मुलीच्या खात्यावर पाठवा की. मी म्हटलं, ओटीत काय पासबुक टाकू?"

आई हसली. मग तिनेच ठरवलं: पैसे उद्या परत खात्यात जातील, ओटीत गहू, नारळ आणि चेक. आबांना ते पटायला चहाचे दोन कप लागले.

धाकटीने माझा हात धरला. "ताई, माझ्यासाठी एवढं विचारून आलीस?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आबा म्हणाले, "ही हाये म्हनून मले काळजी नाही." हे बारा लाखांहून मोठं आहे, असं कुणी म्हणेल. त्या घडीला मला तसं वाटलं नाही.

बक्षीसपत्राचा एक कागद करून ठेवावा असंही करसल्लागार म्हणाले होते. माझं अक्षर चांगलं म्हणून तो मलाच लिहावा लागला. "मी माझ्या मुलीस प्रेमापोटी व स्वखुशीने" इथे आले आणि पेन थांबलं.

"आबा, मला कधी का नाही दिलंत?"

आबांनी चष्मा काढला. "दरसाली इचारलं तुले. दरसाली नाही म्हनली तू. आता इचारतो. तुले पायजे का?"

जीभ सवयीने 'नको'कडे निघालीच होती. तिला मी अडवलं. "पाहिजे."

"किती?"

धाकटी, आई, आबा, तिघंही माझ्याकडे बघत होते. इतकी वर्षं हेवा करण्यात गेली, आकडा काढायचा राहूनच गेला होता. "विचार करून सांगते," म्हटलं आणि कागद पुरा करून साक्षीदार म्हणून सही केली.

परतताना धुळ्यापर्यंत मी आकडा शोधत होते. दोन लाख, पाच लाख, आबांचं वय, आमची गरज, सगळ्याचा नीट विचार केला. पण कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर एकच येत होतं, बारा लाख एक रुपया.