बजावणी पूर्ण

माझ्या मामाला सगळी गल्ली समन्समामा म्हणायची. तो कोर्टात बेलिफ. कोर्टाचे कागद लोकांच्या दारात नेऊन हातात द्यायचे आणि सही घ्यायची, हे त्याचं काम. लोक त्याला शिव्या घालत, अंगावर कुत्री सोडत. एका बाईने तर वरच्या मजल्यावरून साबणाचं पाणी ओतलं होतं. मामा ओल्या शर्टानेच जिना चढला आणि म्हणाला, "बाई, ओतून झालं असेल तर इथे सही करा." ही गोष्ट तो दर वेळी नव्याने सांगायचा आणि दर वेळी बादली मोठी होत जायची.

पण कागद दिल्यावर तो लगेच निघत नसे. दारातच उभं राहून सांगायचा, "तारखेला जा. नाही गेलात तर कोर्ट समोरच्याचंच ऐकून निकाल देईल. मग माझ्या नावाने बोंब मारू नका." हे सांगण्याचा पगार त्याला कुणी देत नव्हतं.

मग कोर्टाने समन्स फोनवर पाठवायला सुरुवात केली. मामाची पायपीट थांबली, त्याला खुर्ची मिळाली. मेसेज आपोआप जायचा. समोरच्याने तो उघडला की पडद्यावर दोन निळ्या खुणा उमटायच्या आणि मामाने 'बजावणी पूर्ण' हे बटण दाबायचं. तसा रिपोर्ट तयार होऊन खाली त्याचं नाव आपोआप छापलं जायचं. पडद्यावर नुसते दाव्यांचे नंबर. नाव-पत्ता बघायचा तर एकेक ओळ उघडावी लागे. कोण उघडतंय! मामा तर हरखून गेला होता. "ताई, गुडघ्यांची कटकट मिटली बघ," तो आईला सांगायचा. "बसल्या जागी अख्खं गाव पालथं घालतो." तेव्हा आम्हीही हसलो. आता आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं असली कामं ती करते. मागच्या खोलीत मी हेडफोन लावून दिवसभर अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकते. कुणाचं पार्सल फुटलं, कुणाला दोन्ही बूट डाव्या पायाचे आले. घरातला आवाज पलीकडे गेला की माझा पगार कापतात. म्हणून माझ्या चार वर्षांच्या लेकीला आईचा फोन द्यायचा आणि कार्टून लावायचं. पूर्वी टीव्ही घरातल्या सगळ्यांचा असायचा, आता ज्याच्या हातात फोन त्याचा टीव्ही. हो, मीच देते तिला फोन. ज्यांना नावं ठेवायची असतील त्यांनी एक दिवस येऊन तिला सांभाळावं.

एका सकाळी दारात तीन माणसं आणि एक पोलीस उभे राहिले. खोल्यांचा ताबा घ्यायला! घरमालकाने दावा लावला होता, आई हजर झाली नाही म्हणून एकतर्फी निकाल लागला होता, आणि आम्हाला त्यातलं अवाक्षर माहीत नव्हतं. म्हणजे बोलवायला मेसेज पुरतो, हाकलायला मात्र यांना माणसं पाठवता येतात. एक जण मशीन उचलायला पुढे झाला तेव्हा आई मशीनवर आडवी पडली. मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी पोलिसालाच दया आली आणि थोडे दिवस मिळाले.

मामा धावत आला. येताच गरजला, "बजावणीशिवाय निकाल होतोच कसा? कुठल्या गाढवाने रिपोर्ट दिला?"

त्या माणसांनी आणलेले कागद मी त्याच्यापुढे टाकले. रिपोर्टखाली त्याचंच नाव होतं.

आईच्या फोनमध्ये तो मेसेज सापडला. कार्टूनच्या मध्ये काहीतरी आडवं आलं, लेकीने बोटाने दाबलं आणि पुन्हा कार्टून लावलं. तेवढ्यात कोर्टाच्या लेखी माझ्या आईने समन्स वाचलं, तिला सगळं कळलं आणि तिने मुद्दाम पाठ फिरवली.

आईने मेसेजवरची तारीख पाहिली. "अरे, हा तर तुझा वाढदिवस," ती म्हणाली. "दुपारी हे आलं आणि संध्याकाळी तू इथेच जेवलास. पोरीला मांडीवर घेऊन याच फोनवर कार्टून बघत बसला होतास."

"ताई, मला माहीत नव्हतं गं. नाव दिसत नाही तिथे."

"दिसत नाही, की तू बघत नाहीस?" मी म्हटलं. मला त्याची दया आली नाही. अजूनही पुरती येत नाही.

निकाल फिरवायचा तर आईला समन्स मिळालंच नाही हे दाखवायला हवं होतं. निळ्या खुणांपुढे तिचा शब्द कोण ऐकणार? मग मामाने प्रतिज्ञापत्र लिहून दिलं. 'मी खुणा पाहिल्या, माणूस पाहिला नाही. बजावणी झाली असं मी सांगू शकत नाही.' कोर्टातल्या साहेबांनी त्याला बोलावून दम दिला, "असं लिहिलंत तर तुमचे सगळेच रिपोर्ट संशयात येतील. नोकरीवर गदा येईल."

"यायलाच हवेत संशयात," मामा म्हणाला.

सुनावणीही फोनवरच झाली. मधेच रेंज गेली, तेव्हा मामा स्टुलावर चढून फोन छताजवळ धरून तेच पुन्हा ओरडून सांगत होता. निकालाला स्थगिती मिळाली. दावा अजून चालू आहे आणि आई एकही तारीख चुकवत नाही.

मामाला मात्र घरी बसवलं. परवा तो आमच्याकडे आला असताना त्याचा फोन वाजला. पडद्यावर एवढंच दिसत होतं: चौकशीची नोटीस.

"उघड ना," मी म्हटलं.

"नाही उघडणार. माझा पत्ता त्यांना माहीत आहे. ज्याला द्यायची आहे त्याने यावं, दार वाजवावं आणि नाही गेलो तर काय होईल ते तोंडाने सांगावं."

फोन मशीनवर ठेवून तो चहा घ्यायला वळला. लेकीने कार्टूनसाठी हात पुढे केला, आणि आम्ही तिघंही एकदम तिच्यावर ओरडलो.

पोर दचकून रडायला लागली. मी तिला उचलून घेतलं, तरी तिचे हुंदके थांबेनात. चार वर्षांच्या पोरीवर आम्ही तिघं तुटून पडलो होतो, आणि ज्याला शिव्या घालाव्यात असं दारात कुणीच नव्हतं.