पालीच्या खानावळीतला लुंगीवाला

ऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. पालीच्या खानावळीत सुरमईचा तुकडा माझ्या घशात अडकला. ना श्वास, ना आवाज. मालक डोक्यावर थापट्या मारत म्हणाला, "कोणीतरी आठवण काढतंय हो तुमची!"

तेवढ्यात शेजारी जेवणाऱ्या लुंगीवाल्याने मला मागून आवळलं आणि बेंबीच्या वर मूठ दाबून दोन हिसके दिले. तुकडा बाहेर उडाला. मला वाटलं, हा मारतोय. मी वळून त्याच्या थोबाडीत दिली.

तो गाल चोळत म्हणाला, "बोटीवर शिकवलानी हे. हात उठला, म्हणजे श्वास आला. बसा." आणि पुन्हा भात कालवू लागला. एसटी सुटत होती. मी तसाच पळालो.

अजून ठसका लागला की वाटतं, तोच आठवण काढतोय. पण वाचवलेल्या माणसाची, की थोबाडीत देणाऱ्याची?