सावधानमधला स

दुपारचं जेवण अंगावर आलंय. कॉटशेजारच्या स्टँडवरची माइकची काळी जाळी हेमलताबाईंच्या डोळ्यांपुढे हळूहळू मऊ होत चाललीय. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून खिडकीला गोधड्या टांगल्यात, त्यामुळे भर दुपारी खोलीत संध्याकाळ झाल्यासारखं वाटतंय. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांचं जग या कॉटएवढंच उरलंय. पलीकडे टेबलाशी त्यांचे यजमान अरविंदराव कानांना हेडफोन लावून लॅपटॉपवर वाकलेत.

"पुन्हा तेच," ते म्हणतात. "आवाजाला घुमारा दिला की प्रत्येक स फुत्कारतो. कुकरची शिट्टीच ऐकतोय मी."

"मग नका देऊ घुमारा."

"न देऊन कसं चालेल? ऋजुता काय म्हणाली, विसरलीस?"

विसरतील कशा? ऋजुता ही अरविंदरावांच्या बहिणीची, मालतीची, मुलगी. तिचं लग्न तोंडावर आलंय, तेही तिकडे नागपूरला. "मामी, तुम्हाला प्रवास झेपायचा नाही, मला कळतंय," फोनवर ती म्हणाली होती. "पण मंगलाष्टकं तुमच्याच आवाजात हवीत. रेकॉर्ड करून पाठवा. आणि कार्यालयात कशी घुमायची तुम्हा दोघींची, तशीच घुमू देत. कोरडी नकोत." मग हळूच, "आई तर नाही. निदान तुम्ही."

दोघी म्हणजे हेमलताबाई आणि मालती, भावजय आणि नणंद. इस्लामपुरातल्या कितीतरी लग्नांत या जोडीनं मंगलाष्टकं म्हटली. कडवी रचायची आणि गायची हेमलताबाईंनी, आणि कडव्याच्या शेवटी 'शुभ मंगल सावधान' उचलायचं मालतीनं. कुणी ठरवलं नव्हतं, पहिल्याच लग्नात तसं झालं आणि पुढे तसंच होत राहिलं. गेल्या वर्षी मालती गेली. आता तो 'सावधान' आयुष्यात पहिल्यांदा हेमलताबाईंच्या वाट्याला आलाय, आणि सकाळपासून तो त्यांना साधत नाहीये.

"जरा पडते," त्या म्हणतात. "डोळा लागला तर उठवू नका."

पापण्या जड होतात. मिटतात की नाही, कुणास ठाऊक, कारण खोली आहे तशीच आहे. फक्त टेबलाशी अरविंदराव नाहीत. आणि कॉटच्या पायथ्याशी मालती बसलीय, निळ्या इरकलीत, गोधडीचा उसवलेला कोपरा शिवत. दोरा ती दातांनी तोडते, नेहमीसारखाच.

"वन्सं?"

"ऊठ वहिनी. वऱ्हाड येऊन बसलंय आणि तू लोळतेयस."

"मला चालता येत नाही हो अजून."

"मला तरी कुठं येतं?" मालती म्हणते आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसते.

हेमलताबाई पाय खाली सोडतात. गुडघा दुखत नाही. फरशी गार लागते. गोधडी बाजूला सारून दोघी बाहेर पडतात, तर बाहेर कार्यालय आहे. लग्न लागून गेलंय की लागायचंय, ते समजत नाही. खुर्च्या एकावर एक रचलेल्या आहेत, अंतरपाट एका खुर्चीच्या पाठीवर टाकलेला आहे, आणि मठ्ठ्याचा आणि जाईचा वास एकत्र येतोय. माणूस मात्र एकही नाही.

"ऋजुता कुठंय?"

"तयार होतेय. तिला वेळ लागतो, माझ्यावर गेलीय." मालती त्यांचा हात धरून चालतेय. हात उबदार आहे. हेमलताबाईंना वाटतं, हे विचारावं की इतका उबदार कसा, पण विचारलं की सुटेल असंही वाटतं, म्हणून त्या विचारत नाहीत.

"वन्सं, मला तो स जमत नाही."

"ऐकलंय मी."

"तुम्हीच म्हणा ना तेवढा. पूर्वीसारखा. मी कडवी म्हणते."

"मी म्हटला तर पोरगी डोक्यावर अक्षता पडायच्या आधीच रडायला लागेल. चल, तुला एक दाखवते."

मुदपाकखान्याच्या दाराशी पायऱ्या आहेत. खाली उतरावं तर त्या इस्लामपूरच्या घरामागच्या हौदात उतरतात. ते घर केव्हाच विकलं गेलंय, हौदही बुजवलाय, पण इथे तो मोकळा, नुकताच उपसलेला आहे. तळाशी थोडी ओल, भिंतींवर हिरवंगार शेवाळ, आणि वर आभाळाचा चौकोनी तुकडा. याच हौदात, लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात, नणंद-भावजय खराटे घेऊन उतरल्या होत्या. सासूबाईंच्या कानांवर जाईल या धास्तीनं नवी सून घरात गुणगुणतसुद्धा नव्हती. "इथं गा," मालती तेव्हा म्हणाली होती. "इथं कुणाला ऐकू जात नाही." आणि मग खराटे टाकून दोघी ऊन उतरेपर्यंत गात बसल्या होत्या. सासूबाईंनी वरून डोकावून नुसतं म्हटलं होतं, "झालं असेल गाणं तर हौद घासा."

"म्हण आता," मालती म्हणते.

हेमलताबाई म्हणतात, "सावधान!"

हौद उत्तर देतो, "आवधान."

तेव्हाही असंच झालं होतं. तेव्हाही दोघी पोट धरून हसल्या होत्या. आत्ताही हसू येतं, दोघींना एकदमच येतं, आणि हौदभर पसरतं.

"स कुठं गेला, सांग?" मालती विचारते.

"कुठं गेला?"

"शेवाळानं खाल्ला." ती भिंतीवरून तळवा फिरवते. "कार्यालयातसुद्धा लांबच्या भिंतीकडून परत यायचा तो नुसता 'आ' यायचा. स माझ्या तोंडापाशीच राहायचा, एवढासा. तुम्ही आता सगळाच्या सगळा आवाज घुमवायला निघालात. 'स'लाही घुमवताय. मग तो फुत्कारणार नाही तर काय करेल?"

हेमलताबाई ऐकत राहतात. हे इतकं सोपं आहे?

"आणि दुसरं," मालती जवळ येते, त्यांच्या हनुवटीला हात लावते, तोंड जरासं बाजूला वळवते. "तू दात आवळतेस. 'स'वर पोचलीस की आवळून धरतेस, सोडतच नाहीस. काय धरून ठेवलंयस एवढं?"

हेमलताबाईंना उत्तर ठाऊक आहे.

"सोड," मालती म्हणते. "'स' सोड आणि 'आ'वर जा. मुलीचं लग्न आहे माझ्या. मोकळं म्हण."

हेमलताबाई म्हणतात. या खेपेला दात सैल आहेत. स नुसता चाटून जातो आणि 'आ' उघडतो, वर आभाळाच्या चौकोनापर्यंत जातो, आणि खाली येताना त्यात दुसरा आवाज मिसळलेला असतो. पूर्वी मिसळायचा तसा.

नळाला पाणी आलंय. तळ भरू लागलाय. मालती पायऱ्यांकडे वळते.

"थांब ना गं," हेमलताबाई म्हणतात.

मालती थबकते, वळून बघते. "इतकी वर्षं वन्सं, अहो, तुम्ही. आज पहिल्यांदा 'गं' म्हणालीस."

"अगं, हेमा." हा आवाज अरविंदरावांचा. "उठवू नको म्हणाली होतीस, पण हसत होतीस झोपेत. मोठ्यानं."

खोली. गोधड्या. माइक. गाल ओले आहेत, ते त्या पदरानं टिपतात.

"अहो, तो माइक माझ्या तोंडासमोरून जरा बाजूला घ्या. हनुवटीकडे वळवा. आणि मला सांगा, माझा आवाज दोन ठिकाणी ठेवता येतो का? एक आहे तसा, आणि एक नुसता घुमायला?"

"येतो की. लॅपटॉपवर दोन ट्रॅक, दोन पट्ट्या करायच्या."

"मग घुमणाऱ्या पट्टीतले सगळे स खाली ओढा. अगदी ऐकू येईनासे करा. साध्या पट्टीतले राहू देत."

अरविंदराव चष्म्यावरून त्यांच्याकडे बघतात. "हे कुठून सुचलं तुला?"

"आधी म्हणू द्या मला."

आणि त्या म्हणतात. सगळी कडवी, आणि प्रत्येक कडव्यामागे 'सावधान', दात न आवळता. मग अरविंदराव बराच वेळ माऊस सरकवत बसतात, एकेक स शोधून खाली ओढतात. शेवटी हेडफोनची वायर काढून ते स्पीकरवर लावतात. स येतो, स्वच्छ, एवढासा, अगदी जवळ. आणि मागून 'आ' पसरत जातो, कार्यालयभर पसरायचा तसा.

अरविंदराव चष्मा पुसतात. "माले," एवढंच म्हणतात, भिंतीकडे बघत.

मग उठून ते बायकोच्या पायांवर चादर ओढायला येतात आणि ओढता ओढता थांबतात.

"हेमा, तू खाली उतरली होतीस?"

"मी कशी उतरेन?"

ते हेमलताबाईंचा पाय अलगद उचलून उजेडाकडे वळवतात. टाचेखाली हिरवं आहे. ते बोटानं चाचपतात, नाकाशी नेतात. ओलं आहे अजून. ते पुसायला टॉवेल शोधू लागतात, तशी हेमलताबाई पाय आत ओढून घेतात.

"राहू दे हो," त्या म्हणतात. "वाळेल आपोआप. तुम्ही ऋजुताला पाठवा आधी."