सायकलच्या पुढे घोडी

शेवटच्या वळणावरून सायकल यायची होती, आली घोडी! तिच्यावर फेटेवाला गृहस्थ, आणि मागे सायकलवर हेल्मेट घातलेली मुलगी काहीतरी ओरडत. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी शिट्टी फुंकली, पण ऐकतंय कोण?

मी सायकलिंगच्या राष्ट्रीय महासंघाची कमिसेअर, म्हणजे शर्यतीतली पंच. महाळुंगे पडवळला टाइम ट्रायल होती. यात स्पर्धक एकेकटे सुटतात आणि घड्याळाशी लढतात. पुढे कुणी धावलं तर वारा अडतो, मागच्याला सोपं जातं. त्याला पेसिंग म्हणतात. पेसिंग झालं की स्पर्धक बाद. पहिल्या तिघी राज्याच्या टीममध्ये जाणार होत्या.

ही मुलगी वारूळवाडीची सायली. फेटेवाले तिचे मामा, महाळुंगे पडवळचेच. बैलगाडा शर्यतीत गाड्यापुढे घोडी पळवतात, तिला बघून बैल जोर धरतात. घोडीशिवायची शर्यत इकडे कुणाला शर्यत वाटत नाही. मामांनी भाचीसाठी मोठ्या प्रेमाने तीच सोय केली होती.

"मॅडम, पेसिंग है. सीधा डिसक्वालिफाय," दिल्लीचे सहकारी पंच म्हणाले. ते सायलीच्या मागे मोटरसायकलवर होते.

"कसलं पेसिंग, मॅडम?" सायली रडकुंडीला आली. "घोडी मधी आली म्हणून मला दोनदा ब्रेक मारावं लागलं!"

ब्रेक सहकाऱ्यांनीही पाहिले होते. माझं डोकं चालायला लागलं. घोडी वेगात असेल तर ती मदत, म्हणजे मुलगी बाद. हळू असेल तर तो अडथळा, मग पंच पुन्हा संधी देऊ शकतात. सहकारी म्हणाले, घोडेवाल्यालाच विचारा.

"मामा, तुमची घोडी हळू होती का?"

"हळू?" मामा उसळले. "आवं, आळे गावापासून हितवर हिच्यापुढं कुणाची घोडी गेली न्हाई! सायकलीला काय ऐकती ती?"

"नीट विचार करून सांगा. वेगात होती, तर भाचीचं नाव कापावं लागेल."

मामांचा चेहरा उतरला. भोवती सगळं गाव. त्यातले बरेच जण यांच्याशी चुरशीने घोडी पळवणारे.

"बोला की भाऊ, आमी ऐकतोय!" गर्दीतून एकजण हसला.

मामांनी सायलीकडे पाहिलं, मग घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"हळू व्हती," ते पुटपुटले. "डांबरावर नाल घसरत्यात तिचं."

"मोठ्याने सांगा."

"हळू व्हती माझी घोडी! पोरीला पळू द्या!"

गर्दीत हशा पिकला. मला मात्र मामांचा इतका अभिमान वाटला की मी पंच नसते तर टाळ्या वाजवल्या असत्या. सहकाऱ्यांनी मान डोलावली.

बाकीच्या सगळ्या आल्यावर सायली पुन्हा सुटली. घोडी फिनिश लाइनच्या पलीकडे बांधलेली, आणि दोर मामांच्या मुठीत. या वेळी वळणावरून सायकलच आली, आणि काय आली! सायलीचा दुसरा नंबर लागला. मामांनी एवढा भंडारा उधळला की दिल्लीचे सहकारीही पिवळे झाले, आणि हसत होते.

तेव्हापासून प्रत्येक शर्यतीच्या सूचनांमध्ये मी एक ओळ घालते: 'स्पर्धकापुढे कोणतेही वाहन किंवा घोडी धावणार नाही.' इतर राज्यांतले पंच फोन करून विचारतात, हे काय?

मामा आता सगळीकडे सांगत फिरतात, "पोरीसाठी मुद्दाम लगाम वढला व्हता, राव. न्हाईतर ती सायकल घोडीला दिसली तरी असती का?" हे खोटं आहे, नाल घसरत होते, मला माहीत आहे. पण मामांनी स्वतःच दिलेल्या या निकालावर मी काही हरकत घेतलेली नाही.