जवाचा पानी

"बाई, बियरला दारू म्हननारा मानूस मला दाखवा. त्याला मी हितंच गाडीतून खाली उतरवतो."

असं म्हणून तो स्टेअरिंगवरचा एक हात उचलायचा आणि समोरच्या काचेवर नसलेली धूळ पुसल्यासारखा हवेत फिरवायचा. मग आवाज खाली आणून, शेजारी बसलेल्या मला एकटीलाच सांगितल्यासारखं म्हणायचा, "जवाचा पानी हाय त्यो. साधा जवाचा पानी."

मी तेव्हा मुरबाडला राहत होते आणि टोकावड्याच्या शाळेत शिकवत होते. नव्वदचं दशक सरत आलं होतं. सकाळची एसटी भरून यायची, म्हणून मी त्याच्या जीपने जायची. पुढची जागा तो 'बाईंची' म्हणून राखून ठेवी. राखून म्हणजे काय, माझ्याखेरीज आणखी दोघं तिथे बसलेले असत. गिअर टाकायच्या वेळी तो "बाई, जरा" म्हणायचा आणि आम्ही तिघं एकदम दाराकडे सरकायचो.

बोलक्या ड्रायव्हरच्या गाडीत तुम्हीही बसला असाल. अशा गाडीतून उतरता येत नाही आणि उतरावंसंही वाटत नाही. कुणी पावसाची भाषा करो, कुणी पोरीच्या लग्नाची, याची गाडी बियरवर यायचीच. थंड बियर चढत नाही, गरम चढते. चिमूटभर मीठ टाकलं की नशा मरते. नशा असते ती फेसात. फेस फुंकून टाकला की खाली उरतं ते औषध. रविवारी ढाब्यावर स्टीलच्या पेल्यात बियर ओतून तो इतक्या जोरात फेस फुंकायचा की समोर बसलेल्याचा सदरा भिजायचा. "बघा," तो म्हणायचा, "नशा गेली तुमच्या अंगावर."

हे ज्ञान त्याला माळशेजला जाणाऱ्या लोकांकडून मिळालेलं. पावसाळ्यात मुंबईची मंडळी धबधब्याखाली भिजायला यायची आणि हातात बाटल्या असायच्या. तो त्यांच्या गाडीजवळ उभा राहून कान देऊन ऐकायचा. एका पाहुणीने बियरने केस धुतलेले त्याने पाहिले आणि घरी जाऊन बायकोला अर्धी बाटली दिली. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "वहिनींचे केस कसे झाले?" तो गंभीरपणे म्हणाला, "केस झाले चांगले, पन माशा काय तिचा पिच्छा सोडीत नाय."

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. बार्लीपासून काय तयार होते, या प्रश्नाला तिने उत्तर लिहिलं होतं, 'मुतखड्याचे औषध'. मी तो पेपर त्याला दाखवला. मला वाटलं, ओशाळेल. त्याने तो जीपमधल्या प्रत्येकाला वाचून दाखवला.

मुतखडा हा त्याच्या सगळ्या शास्त्राचा कळस होता. बियर प्यायली की खडा पाझरून पडतो, यावर त्याचा देवाइतका विश्वास होता. आणि केवळ त्याचाच नाही. त्याने विषय काढला की मागच्या बाकांवरून साक्षीदार उठायचे. कुणाच्या मेव्हण्याचा खडा पडला होता, कुणाच्या साहेबाचा. खडा हरभऱ्याएवढा असायचा; टोकावडं येईपर्यंत तो सुपारीएवढा व्हायचा.

एकदा गाडीत दोघंच होतो. मी म्हटलं, "दादा, एवढी वकिली कशाला करता बियरची?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाला, "माझा बाप हातभट्टीनं गेला, बाई. शेवटी पोट असा फुगला होता. डोळं पिवळे. आमच्याकडं मानूस पिनार म्हंजे पिनारच, त्याला नको सांगून काय उपेग? मंग निदान सील असलेला पिऊ दे. बियर ही दारू नाय सांगितला की लाज वाटत नाय, घेतात. भट्टीपास्नं तेवढाच लांब."

त्या दिवसापासून मी त्याच्या बडबडीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. आता तुम्हीही तसंच पाहा, कारण पुढचं सांगताना मला त्याचा राग येत नाही.

घाटाच्या बाजूला डोंगरात एक पाडा होता. तिथलं एक तरुण जोडपं भात झोडून झालं की बाजाराला यायचं. ती डोक्यावर पाटी घेऊन, तो मागे लाकडाची मोळी घेऊन. त्या थंडीत एकदा ती एकटीच रस्त्यावर आली. नवऱ्याच्या पोटात कालपासून दुखतंय, उजव्या बाजूला, वाकडा झालाय, म्हणाली.

"मुतखडा!" जीपमधले चार जण एकदम बोलले.

मी म्हटलं, "अगो, दवाखान्यात ने त्याला."

"ने की," जीपवाला म्हणाला, "पन डोंगरातनं उतरवायचा म्हंजे झोळी लागंल, मानसं लागतील. तवर औषद देतो मी, सांजला हितंच थांब."

संध्याकाळी मला न्यायला येताना त्याने मुरबाडहून दोन बाटल्या आणल्या आणि परतीच्या वाटेवर, वळणावर थांबलेल्या तिच्या हातात दिल्या. पदराखालून ती काही काढू लागली तर ओरडला, "ठेव गो ते. औषदाचे पैसं मी घेत नाय." फेस फुंकायचा, चिमूटभर मीठ टाकायचं, मगच प्यायचं, असं दोनदा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा रस्त्यावर होती. पाटी नव्हती. आम्हाला पाहिल्यावर ती धावतच आली आणि धाप लागलेली असतानाच हसली. "भाऊ, दुखना थांबला! रातभर तळमळला आन पाटंला एकदम थांबला. निजलाय आता."

तो खाली उतरला. तिच्याकडे पाहून त्याने हात जोडले, मग आकाशाकडे पाहून जोडले. जीपमधले लोक खूष झाले. टोकावड्याला पोहोचल्यावर त्याने सगळ्यांना चहा पाजला. ढाब्यावर, थांब्यावर, मुरबाडच्या बाजारात, जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "खडा पडला! दोन बाटल्यांत पडला!" मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं, तो एसटीच्या ड्रायव्हरलासुद्धा थांबवून सांगत होता.

दुपार कलल्यावर पाड्यावरून माणसं झोळी घेऊन टोकावड्याच्या थांब्यावर उतरली.

शाळा सुटली होती. मुरबाडला जायला मी जीपमध्ये बसतच होते. त्यांनी त्याला मधल्या बाकावर आडवं ठेवलं. अंग तापलेलं होतं आणि पोट पाटीसारखं घट्ट होतं. बायकोने डोकं मांडीवर घेतलं. जीपवाल्याने बाकी सगळ्यांना उतरवलं, मला मात्र म्हणाला, "बाई, तुमी बसा. मला एकट्याला नेववनार नाय."

रस्त्यात तो तरुण एकदाच बोलला. आवाज स्वच्छ होता. "भाऊ, आता दुखत नाय," म्हणाला. मुरबाडची घरं दिसू लागली तेव्हा वाटभर त्याच्याशी बोलत आलेली बायको बोलायची थांबली, आणि आम्हाला कळलं.

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, हा खडा नव्हता, अपेंडिक्स होतं. आत फुटलं. फुटलं की थोडा वेळ दुखणं थांबतं, माणसाला वाटतं बरं झालं.

"म्हंजे पाटंला..." जीपवाला म्हणाला.

डॉक्टरने मान हलवली.

त्यानंतर मी त्याच्या तोंडून बियरची शिफारस ऐकली नाही. जीप चालायची, पण आतून बंद पडल्यासारखी वाटायची. रिकाम्या गाडीत भर दुपारीसुद्धा तो आरशात मधल्या बाकाकडे पाहायचा. एकदा त्याने अचानक ब्रेक मारला, मागे वळून म्हणाला, "काय रे?" मागे कुणी नव्हतं. माझ्याकडे पाहून त्याने विचारलं, "तुमी ऐकला ना? दुखत नाय म्हनला." ते वाक्य मीही ऐकलेलं होतंच, फक्त आत्ता, या रिकाम्या गाडीत नाही.

कुणी पोटावर हात ठेवला की आता त्याचा चेहरा बदलायचा. वऱ्हाड घेऊन जाताना एका म्हाताऱ्या मामांनी नुसती कूस बदलून "आई गं" म्हटलं, तर त्याने गाडी वळवली आणि सरळ सरकारी दवाखान्यासमोर उभी केली. मामा ओरडत होते, "अरे, भजी जास्त झाली, बाकी काय नाय!" त्यांना डॉक्टरपुढे बसवल्याशिवाय तो हलला नाही. वऱ्हाड अक्षता टाकायला पोहोचलं तेव्हा तिकडे पंगत उठत होती. लोक हसले, चिडले, पण त्याच्या गाडीत पोट धरायला घाबरू लागले.

उन्हाळ्यात त्या तरुणाची बायको करवंदं विकायला आली. त्याच्याच जीपमध्ये चढली. तो तिच्याकडे पाहीना. उतरताना तिने पळसाच्या पानाचा द्रोण भरून करवंदं पुढे केली. "घ्या भाऊ. तुमी तर चांगलाच सांगितला होता. आमचा नशीब."

ती गेल्यावर तो मला म्हणाला, "शिवी दिली असती तर बरा झाला असता."

करवंदं त्याने खाल्ली नाहीत, टाकलीही नाहीत. काचेपुढे ती वाळून मिरीसारखी झाली तरी तिथेच होती.

पण त्याचा खरा छळ पुढे सुरू झाला. त्या सकाळी त्याने जी बातमी पेरली होती, ती आता एकटीच फिरत होती. दुपारची बातमी तिच्यामागे गेलीच नव्हती. मरणाची गोष्ट कोण सांगत बसतो? घाटाखालच्या गावांतून लोक त्यालाच सांगायचे, "टोकावड्याच्या साइडला एका आदिवाशाचा खडा दोन बाटल्यांत पडला, म्हाईत हाय का?" तो म्हणायचा, "त्यो मेला." लोक म्हणायचे, "छ्या, त्यो दुसरा कोन असंल."

मग तो आपल्याच शब्दांच्या मागे लागला. कुठे कुणी ती गोष्ट सांगितली असं कळलं की जीप तिकडे काढायचा. आधी मुरबाडची गावं, मग पार शहापूरकडची. त्याची बायको मला म्हणाली, "बाई, तुमी तरी समजवा. किती मानसान्ला सांगनार ह्ये?" मी समजावलं. तो म्हणाला, "मी अर्धाच सांगितला ना, बाई. पुरा कोन सांगनार?"

पुढे माझी बदली किन्हवलीला झाली. त्याने जीप विकल्याचं कानावर आलं. मुलगी लग्न होऊन गेली, हेही.

काही वर्षांनी मी किन्हवलीची गाडी पकडायला शहापूरला थांबले होते. स्टँडसमोरच्या खानावळीत चहा घ्यायला गेले तर कोपऱ्यातल्या टेबलावर तो बसलेला. केस पांढरे, अंगाने अर्धा. समोर एक अनोळखी तरुण जेवत होता. त्याच्या हाताशी औषधांच्या दुकानाची पिशवी होती. बहुधा तेवढ्यावरूनच यानं त्याला गाठलं असावं.

"...दुखना थांबला म्हंजे बरा झाला असा नसतो," तो सांगत होता. "माझा ऐका. पाटंला थांबला आन दुपारी..."

तरुण "हो काका, हो" म्हणत घाईघाईने भात संपवत होता. मी पुढे होऊन म्हटलं, "दादा, ओळखलंत का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असावं, कारण जुन्या सवयीने तो बाकावर थोडा सरकला, मला जागा करून दिली. पण बोलणं मोडलं नाही. तरुण उठला, हात धुतले, बाहेर पडला. पोऱ्याने ताट उचललं, टेबल पुसलं.

बाहेर माझी गाडी लागली होती. मी त्याच्या खांद्याला हात लावला आणि निघाले. बसच्या खिडकीतून खानावळीचा आतला भाग दिसत होता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे किंचित वाकून, हातवारे करत, तो दुपारचं सांगत होता.